आईसाठी घरातल्या जिन्याला स्टेअरलिफ्ट: कोणती घ्यावी, काय काय बघावं?

अबोली

नमस्कार मंडळी. जिन्याच्या कडेने रुळावरून बसल्या जागी वर-खाली नेणारी खुर्ची म्हणजे स्टेअरलिफ्ट. महिनाभर याच विषयात आहे, पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय, म्हणून इथे विचारते.

नाशिकला आमचं रो-हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक लहानशी खोली. वर दोन बेडरूम, देवघर, गच्ची. आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, शिवाय डाव्या मनगटात संधिवात. गुडघे बदलायला हृदयाच्या डॉक्टरांनी सध्या नको म्हटलंय. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती वरून उतरताना मध्येच पायरीवर बसली आणि मग तशीच बसून, एकेक पायरी सरकत खाली आली. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. पाहिलंय हे तिला कळू दिलं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

आईला खालच्या खोलीत हलवा असं सगळेच सांगतात. तिला ते नकोय. देवघर वर, तिचं कपाट वर, गच्चीतल्या कुंड्या तिच्या. आणि खरं सांगायचं तर मलाही नकोय.

जिना असा आहे: खालून ९ पायऱ्या, मग लँडिंग, तिथून उलट्या दिशेला वळून ८ पायऱ्या. भिंतीपासून रेलिंगपर्यंत रुंदी २ फूट ११ इंच. पायऱ्यांवर कोटा फरशी बसवलेली. मुख्य दार पहिल्या पायरीपासून जेमतेम अडीच फुटांवर.

एका विक्रेत्याने वळणासकट एकसंध रूळ सांगितला, साडेआठ लाख. दुसरा म्हणतो दोन सरळ लिफ्ट लावा, एक खालच्या टप्प्याला, एक वरच्या, दोन्ही मिळून साडेपाच. तिसऱ्याने सरळ होमलिफ्टच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. कोणी घरात बसवली असेल तर कृपया अनुभव सांगा. लाइट गेल्यावर काय होतं, इथपासून सगळं विचारायचंय.

वाटसरू_६२

अबोलीताई, मी सिव्हिलवाला, आता निवृत्त. मेव्हण्यांच्या घरी बसवताना सगळा वेळ उभा होतो, त्यामुळे यंत्राची बाजू सांगतो.

रूळ भिंतीला लागत नाही, पायऱ्यांवर ब्रॅकेट ठोकून उभा राहतो. त्यामुळे भिंत विटेची की ब्लॉकची, हा प्रश्न नाही. प्रश्न पायरीचा आहे. आपल्याकडे कोटा किंवा ग्रॅनाइट मसाल्याच्या थरावर बसवलेला असतो आणि कित्येकदा खाली पोकळी राहते. बोल्ट नुसत्या दगडात बसला तर चार महिन्यांत हलू लागतो, किंवा घट्ट करतानाच दगड तडकतो. आज संध्याकाळी एक रुपयाचं नाणं घ्या आणि भिंतीच्या बाजूने प्रत्येक पायरीवर वाजवून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. डबडब वाजलं तर त्या पायरीवर खडूने खूण करा. बोल्ट खालच्या काँक्रीटमध्ये उतरला पाहिजे आणि पुढच्या गोल कडेपासून लांब राहिला पाहिजे, हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्या. भोक हळू, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून सुरू करायला सांगा.

लाइटचं: खुर्चीखालच्या डब्यात मोटर आणि बॅटऱ्या असतात, साधारण १२ व्होल्टच्या दोन. खुर्ची रुळाच्या टोकाला उभी राहिली की तिथल्या पट्ट्यांवर चार्ज होते आणि चालते बॅटरीवरच. लाइट गेली तरी चढ-उतार होते, इन्व्हर्टर लागत नाही. बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांनी बदलायच्या.

वेग फार नसतो. युरोपच्या ईएन ८१-४० मानकात सेकंदाला ०.१५ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. तुमच्या जिन्याला मिनिटभराहून थोडं अधिक धरा.

आता दाराचं. सरळ रुळाचं टोक पहिल्या पायरीच्या पुढे फूट-दीड फूट येतं. अडीच फुटांवर दार म्हणजे येता-जाता पाय अडखळणार. मग बिजागरीचा, दुमडून वर होणारा रूळ घ्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. वळणाच्या रुळाचा इथे फायदा आहे. तो खाली आल्यावर आणखी वळवून जिन्याच्या बाजूला नेता येतो, खुर्ची तिथे उभी राहते आणि दार मोकळं. तुमच्याकडे जिन्याच्या बगलेला जागा आहे का?

होमलिफ्टचं एवढंच: स्लॅब कापावा लागतो, शाफ्टला म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीला जागा जाते आणि महाराष्ट्रात लिफ्टला विद्युत निरीक्षकांचा परवाना लागतो. नवं घर बांधत असाल तर जरूर विचार करा. बांधलेल्या रो-हाऊसमध्ये मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

गोधडी

वाटसरूकाका, नाण्याची युक्ती लिहून ठेवली.

आमच्याकडे बाबांसाठी सरळ जिन्याची आहे, तीन वर्षं झाली. एक गोष्ट कोणी सांगत नाही. खुर्चीच्या हातावरचं बटण दाबून *धरावं* लागतं. सोडलं की खुर्ची थांबते. सुरक्षेसाठी तसंच असायला हवं, पण बाबांना पार्किन्सन आहे आणि हात थरथरतो. पहिल्या आठवड्यात खुर्ची दर दोन पायऱ्यांना थांबायची, ते घाबरायचे आणि आणखी थरथरायचे. बटणाऐवजी आडवी दांडी बसवून घेतली, जिच्यावर अख्खा तळवा टेकून ठेवता येतो, तेव्हा सुरळीत झालं. तुमच्या आईंचं डावं मनगट दुखतं म्हणता, तर नियंत्रण उजव्या हातावर हवं, हे ऑर्डर देतानाच सांगा. नंतर बदलायला खर्च येतो.

दुसरं, चार्जरच्या प्लगचं बटण. आपल्याला गावाला जाताना सगळी बटणं बंद करायची सवय. आम्ही दहा दिवस कोकणात गेलो, परत आलो तर बॅटऱ्या पार उतरलेल्या. त्या बटणावर आता चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

सांजवारा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर यंत्राबद्दल छान माहिती आली आहे, पण अबोली, निर्णय यंत्रावरून घेऊ नका. आईंची उठबस मोजून घ्या.

एकसंध रुळावर आई खाली एकदा बसतील आणि वर एकदा उठतील. दोन लिफ्ट घेतल्या तर खाली बसणं, लँडिंगवर उठणं, वळून दोन पावलं चालणं, पुन्हा बसणं, वर उठणं. उतरताना तेच सगळं उलटं. आणि हे मधलं उठणं अर्ध्या उंचीवर, शेजारी उतरता जिना असताना. झिजलेल्या गुडघ्याला खुर्चीतून उठणं हेच सगळ्यात जड जातं आणि तेव्हा माणूस हातांवर भार देतो. तुमच्या आईंचं एक मनगट आधीच दुखरं आहे.

घरीच करून बघा. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या लँडिंगवर जिथे लिफ्ट थांबतील तिथे ठेवा. सकाळी नाही, रात्री जेवणानंतर, गुडघे थकलेले असताना. तुम्ही उतरत्या बाजूला उभ्या राहा. आईंना एका खुर्चीतून उठून दुसऱ्या खुर्चीत बसायला सांगा. कशाला धरतात, किती वेळा झोक जातो, ते बघा. आज जेमतेम जमत असेल तर दोन वर्षांनी जमणार नाही असं धरून चाला.

वरच्या टोकाला खुर्ची जिन्याकडे पाठ होईल अशी फिरून तिथे *लॉक* व्हायला हवी, म्हणजे उठताना पाय मजल्यावर आणि मागे खुर्चीची पाठ. हे फिरणं हाताने खटका ओढून करायचं की मोटरने, दोन्ही प्रकार मिळतात. मनगटासाठी मोटरचं घ्या. फूटरेस्टही सीट दुमडली की आपोआप वर यायला हवं, वाकून उचलायला लागू नये.

ज्यांचा गुडघा किंवा खुबा काटकोनात वाकतच नाही त्यांच्यासाठी अर्धवट टेकून उभं राहण्याची सीट मिळते. स्मृतिभ्रंश असेल तर माणूस मध्येच पट्टा सोडून उठू शकतो, तिथे एकट्याने वापरू देऊ नये. व्हीलचेअरवरून अजिबात उठता न येणाऱ्यांसाठी खुर्ची कामाची नाही. त्यांना व्हीलचेअरसकट जिन्यावरून नेणारा तिरका प्लॅटफॉर्म लागतो आणि त्याला जिना बराच रुंद हवा.

आणि लिफ्ट आली म्हणून चालणं सोडू देऊ नका. सपाटीवरचं चालणं आणि मांडीचे व्यायाम चालूच हवेत.

एकतारी

थोडं वेगळं मत मांडते, राग नसावा. आम्ही सासूबाईंना खाली आणलं. हॉलचा एक भाग बंद करून खोली केली, शेजारी कमोडसकट बाथरूम केलं. लिफ्टपेक्षा कमी पैशांत झालं. रात्री बाथरूमला जायला पट्टा लावून खुर्चीत बसण्याचा प्रश्न नाही. आजारपणात डॉक्टर, नर्स, सगळं खालीच. तुमच्या खालच्या खोलीला लागून बाथरूम करता येत असेल तर तो पर्याय लगेच खोडू नका. लिफ्ट लावली तरी खाली एक बाथरूम लागणारच आहे.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार.

एकतारी, राग कसला. खालच्या बाथरूमचं तुमचं म्हणणं पटलं, ते करतोच आहोत. पण आईला खाली आणलं तर ती वरच्या देवघरात पुन्हा कधी जाणार नाही, हे मला दिसतंय. ती रोज पहाटे दिवा लावते तेव्हा कोणाशी बोलत नाही, आणि नंतरचा तिचा चेहरा बघितला की दिवस चांगला जातो. ते मला तिच्याकडून काढून घ्यायचं नाही.

सांजवारा, काल रात्री खुर्च्यांचा प्रयोग केला. पहिल्या खुर्चीतून उठताना आईने हात टेकला, मनगट दुखलं म्हणून सोडला आणि मग रेलिंग धरलं. दुसऱ्यांदा माझा खांदा धरला. दोन लिफ्टचा विषय तिथेच संपला.

वाटसरूकाका, नाणं वाजवलं. खालच्या टप्प्यात तिसरी आणि सातवी पायरी पोकळ वाजतात. जिन्याच्या बगलेला चपलांचं कपाट आहे, ते काढलं तर जागा होते.

आता एकच अडचण. आई म्हणते, "मी काय एवढी आजारी आहे का?"

वाटसरू_६२

पोकळ पायऱ्यांचा कोटा काढून, खाली भरून पुन्हा बसवा. ते काम लिफ्टवाल्यावर सोडू नका, तुमच्या गवंड्याकडून आधी करून घ्या आणि पंधरा दिवस जाऊ द्या.

रूळ भिंतीच्या बाजूने घ्या. आतल्या रेलिंगच्या बाजूने रूळ लांबीला कमी पडतो, पण मग घरातल्या बाकीच्यांना धरायला रेलिंग उरत नाही आणि वळणही फार आवळून येतं. आणखी एक माप घ्या: आईंना भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसवा, भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, त्यात खुर्चीच्या पाठीची आणि रुळाची जागा मिळवा. रेलिंगला गुडघा घासता कामा नये. वर लँडिंगची बीम आहे का, बसलेल्या माणसाचं डोकं तिच्याखालून सुटतं का, तेही बघा.

आईंना सांगा की हे यंत्र काही हॉस्पिटलातलं नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सी. सी. क्रिस्पेन यांनी आपल्या आजारी मित्राला घरात खाली-वर करता यावं म्हणून ते बनवलं. मित्रासाठीच केलेली वस्तू आहे.

तिळगूळ

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. इथली घरं अरुंद, झोपायच्या खोल्या वर, त्यामुळे आमच्या रस्त्यावरच दोन-तीन घरांत स्टेअरलिफ्ट आहेत. कोणाला त्याचं काही वाटत नाही. इथे कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतःला जमावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ, घरी येऊन माणूस आणि जिना दोन्ही बघते. गरज आणि उत्पन्न बघून अपंगांसाठीच्या अनुदानातून, इंग्लंडात कमाल ३०,००० पौंडांपर्यंत, घरात बदल करता येतात आणि त्यात स्टेअरलिफ्टही बसते.

इथे शिकलेली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. सरळ रूळ कापून दुसऱ्या घरी बसवता येतो, त्यामुळे वापरलेल्या सरळ लिफ्ट सर्रास विकल्या जातात. वळणाचा रूळ मात्र तुमच्याच जिन्याच्या मापाने वाकवलेला असतो, दुसरीकडे बसत नाही. म्हणजे ते साडेआठ लाख परत येणार नाहीत असं समजूनच द्या. भावात घासाघीस करण्यापेक्षा किती वर्षांची वॉरंटी, रुळावर किती, मोटरवर किती, सुटे भाग भारतात ठेवतात की परदेशातून मागवतात, आणि नाशिकला माणूस किती तासांत येईल, यावर जोर द्या.

कातळ

रत्नागिरीहून. आमचा जिना घराबाहेरून आहे, वर पत्रा आहे पण पाऊस आडवा येतो. दोन ठिकाणी आतल्या वापराची लिफ्ट बाहेर लावून देतो म्हणाले. देऊ नका लावू. बाहेरच्यासाठी वेगळी मिळते, खुर्चीचं कापड नाही, बिजागऱ्या गंजत नाहीत, वर झाकण येतं. तरीही खाऱ्या हवेत आम्हाला वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग लागतं.

गोधडी

अबोलीताई, साडीचं विसरले. आई साडी नेसतात ना? रुळाला दातेरी पट्टी असते, तिच्यावर खुर्चीचं चाक चालतं. पदर किंवा निरीचा काठ बाजूने लोंबत राहिला तर तिकडे जाऊ शकतो. आमच्या आत्या आल्या होत्या तेव्हा पदर चाकापासून वीतभर राहिला होता. दाते खालच्या बाजूला किंवा झाकलेले असतील असाच रूळ बघा. आणि बसल्याबसल्या पदर मांडीवर घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मोगरा_ठाणे

आमचं घर सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आहे, बिल्डिंगला लिफ्ट नाही. कॉमन जिन्यात अशी खुर्ची बसवता येईल का?

वाटसरू_६२

मोगरा, कॉमन जिना सोसायटीचा. सर्वसाधारण सभेचा ठराव हवाच. त्याआधी हे बघा की खुर्ची दुमडल्यावर उरलेल्या रुंदीतून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उतरू शकतात का. जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा इथेच अडतं आणि आगीच्या दृष्टीने ते अडणं बरोबर आहे. तीन मजल्यांचे वळणाचे रूळ म्हणजे खर्चही मोठा. त्यापेक्षा बाहेरून लिफ्टचा शाफ्ट उभारता येतो का, हे सगळ्यांनी मिळून आर्किटेक्टला विचारा. फायदा सगळ्या बिऱ्हाडांना होईल.

अबोली

चार महिन्यांनी परत येतेय. आईच्या खुर्चीला आज बरोबर तीन आठवडे झाले.

आई तयार कशी झाली ते आधी सांगते. मामाकडची मंडळी आली होती, सगळे सप्तशृंगीला गेलो. २०१८ मध्ये गडावर रुळावरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यापासून आई पायऱ्या चढलेली नाही, ट्रॉलीनेच जाते. वर पोचल्यावर मी म्हटलं, "देवीकडे रुळावरून आलीस, तर घरच्या देवाकडे यायला काय हरकत आहे?" काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर वणी सोडल्यावर म्हणाली, "रंग कोणता मिळतो त्या खुर्चीला?"

एकसंध रूळ घेतला, भिंतीच्या बाजूने. चपलांचं कपाट काढलं, खुर्ची आता तिथे उभी राहते. माप घ्यायला माणूस आला तेव्हा त्याने पायऱ्यांवर आणि भिंतीवर ठिपक्यांचे स्टिकर लावून पन्नासेक फोटो काढले, त्यावरून रूळ वाकवून आला. यायला नऊ आठवडे लागले, सांगितले होते सहा. बसवायला एकच दिवस.

एक चूक झाली, ती तुमची होऊ नये म्हणून लिहिते. वरच्या बेडरूमचं दार बाहेर उघडतं, हे माप घेताना ना त्यांनी पाहिलं ना आम्ही. खुर्ची वर जाऊन फिरली की फूटरेस्ट दाराच्या वाटेत. सुतार बोलावून दार आत उघडेल असं करून घेतलं. माप घ्यायला माणूस येईल त्या दिवशी वर-खालची सगळी दारं पूर्ण उघडी ठेवा.

तिसऱ्या आणि सातव्या पायरीचा कोटा आधीच काढून बसवला होता. ड्रिल चालू असताना मी सातव्या पायरीशीच उभी होते. कुठेही तडकलं नाही. काका, तुम्हाला नमस्कार.

खुर्ची टोकाला नीट न लागता थांबली तर बीप वाजत राहते. पहिल्या रात्री आम्ही तासभर शोधत होतो. मधल्या टप्प्यावर राहिली होती, चार्ज होत नव्हती. प्लगच्या बटणाला चिकटपट्टी लावलीच आहे. शेजारची मुलं खेळायला येतात म्हणून खुर्चीची किल्ली काढून आईच्या कमरेच्या जुडग्यात घातली आहे.

सांजवारा

फार बरं वाटलं वाचून. वर पोचल्यावर खुर्चीतून उठताना मनगटावर भार येतोय का? आणि दिवसातून किती फेऱ्या होतात?

अबोली

मनगटावर नाही, खुर्ची मोटरने फिरते आणि वर उजव्या हाताला एक पकडायची दांडी बसवून घेतली आहे, तीच धरून उठते. दोन फेऱ्या ठरल्या होत्या. काल पाच झाल्या. दुपारी गच्चीत वाळवण आहे, ते हलवायला ती स्वतःच जाऊन आली, मी ऑफिसच्या कॉलवर होते. पट्टा लावला होता का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लावला, आणि पदरही मांडीवर घेतला होता."

गोधडी

वा! खुर्ची बोलवायच्या रिमोटचा एक होल्डर वरच्या भिंतीवरही लावून घ्या. खुर्ची खाली राहिली आणि रिमोटही खालीच, असं आमच्याकडे दोनदा झालंय.

अबोली

हो, दोन रिमोट आले आहेत. वरचा सध्या देवघरातल्या कोनाड्यात असतो. रविवारी होल्डर लावते.